कानाची साक्ष

न्यायालयात ज्याने दोन दशके काढली आहेत, त्याला साक्षीदारांविषयी एक गोष्ट कळून चुकलेली असते. खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत बहुधा उघडा पडतो. खरा पेच पडतो तो प्रामाणिक साक्षीदारामुळे. आपण पाहिले, आपण ऐकले, अशी त्याची मनोमन खात्री असते. तेच तो शपथेवर सांगतो. आणि तरीही ते तसे घडलेले नसते. पंचवीसहून अधिक वर्षे मी ज्या एका परदेशी मासिकाचा वाचक आहे, त्याच्या इतिहासाचा विचार करताना हा पेच मला वारंवार आठवतो. त्या मासिकाचे नाव ‘स्टीरिओफाइल’. घरी बसून संगीत ऐकण्याच्या यंत्रांना वाहिलेले हे अमेरिकन मासिक आहे. विषय छंदाचा, म्हणून कोणाला तो क्षुल्लक वाटेल. परंतु माणसाच्या कानावर किती विश्वास ठेवावा, आणि ‘माझ्या कानावर विश्वास ठेवा’ असे म्हणणाऱ्याने स्वतःला कोणत्या बंधनात बांधून घ्यावे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

माझी आणि त्या मासिकाची भेट १९९८ साली झाली. त्या वेळी मी मडगावात कायद्याचे शिक्षण घेत होतो. मस्कतला नोकरीस असलेले माझे मामा सुटीवर आले, तेव्हा त्यांनी एक वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर, लाउडस्पीकरांची जोडी आणि त्यांच्या साहेबाने टाकून दिलेले ‘स्टीरिओफाइल’चे दहा-बारा जुने अंक आणले. यंत्रे घरात सर्वांची झाली. अंक माझे एकट्याचे झाले. त्यात वर्णिलेल्या यंत्रांच्या किमती पाहता विकत घेण्याचा विचारही संभवत नव्हता. तरी ते अंक मी पोथीसारखे वाचले. एखाद्या परीक्षकाने तीच ध्वनिमुद्रिका दोन यंत्रांवर ऐकावी, एकावर गायिका मागच्या भिंतीला टेकलेली आणि दुसऱ्यावर दोन पावले पुढे आलेली भासते असे लिहावे, आणि मी मडगावच्या खोलीत डोळे मिटून ते अंतर मोजावे, असा तो काळ होता. त्या लेखकांचा शब्द मला प्रमाण होता. हे प्रामाण्य त्यांना कोठून प्राप्त झाले, हा प्रश्न मी पुष्कळ उशिरा विचारला. त्याचे उत्तर मासिकाच्या जन्मकथेत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरगुती संगीतश्रवणाचा छंद झपाट्याने वाढला. १९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. १९५८ च्या सुमारास दोन वाहिन्यांची, म्हणजे स्टीरिओ, ध्वनिमुद्रिका मिळू लागली. या छंदाला वाहिलेली मासिके निघाली. १९५१ साली सुरू झालेले ‘हाय फिडेलिटी’ हे त्यांतील एक प्रमुख होय. जे. गॉर्डन होल्ट हे गृहस्थ त्याच्या तांत्रिक विभागात काम करीत. ज्यांच्या मालाची परीक्षा करावयाची त्यांच्याच जाहिरातींवर मासिक चालवावयाचे, म्हणजे परीक्षकाची लेखणी आपोआप नरम होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी ती नोकरी सोडली, आणि १९६२ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचा म्हणून ‘स्टीरिओफाइल’चा पहिला अंक पेनसिल्व्हेनियातील वॉलिंगफर्ड येथून काढला. यंत्रनिर्मात्यांच्या जाहिराती घ्यावयाच्या नाहीत आणि वाचकांच्या वर्गणीवर जगावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर, साक्षीदाराचा दाव्यात हितसंबंध नसावा, ही पहिली अट त्यांनी स्वतःहून पत्करली.

होल्ट यांचा दुसरा संकल्प असा की, यंत्र कसे वाजते हे ऐकून सांगावयाचे. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी हे बंड होते. प्रतिष्ठित मासिके प्रयोगशाळेतील आकड्यांवर निर्णय देत, आणि आकडे सारखे आले की आवाजही सारखाच असला पाहिजे असे गृहीत धरीत. या गृहीतकातील उणीव समजून घेण्यासारखी आहे. अ‍ॅम्प्लिफायर मूळ सुरात स्वतःचे काही उपस्वर मिसळतो. त्या सर्वांची गोळाबेरीज करून ‘एकूण विकृती शेकडा इतकी’ असे सांगण्याची प्रथा होती. परंतु सगळे उपस्वर कानाला सारखे टोचत नाहीत. दुसरा, तिसरा उपस्वर मूळ सुरात मिसळून जातो, तर सातवा, नववा अल्प प्रमाणात असला तरी कर्कश लागतो. शिवाय त्या काळच्या अनेक ट्रान्झिस्टर यंत्रांत ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचली व खालचा अर्धा दुसरा. या हातबदलाच्या सांध्यात थोडी मोडतोड होई. यंत्र पूर्ण शक्तीने चालवून मोजले असता ती मोडतोड नगण्य दिसे. मंद सुरात मात्र, जेथे लहरच लहान असते, तेथे तिचे प्रमाण वाढे. म्हणजे आकडा खोटा नव्हता, पण तो नको त्या जागी घेतलेला होता. कागदावर निर्दोष ठरलेल्या यंत्राविषयी ‘याचा आवाज रुक्ष आहे’ असे म्हणणारा कान अशा वेळी खरा ठरला. होल्ट यांच्या कानाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती या खटल्यात मिळालेली आहे. आणि ती न्याय्य होती, असे माझे आजही मत आहे.

हा संकल्प पाळण्याची किंमतही पडली. अंक वेळेवर निघत नसत. वर्गणीदार ताटकळत राहत. तथापि वाट दाखवली गेली होती. १९७३ साली हॅरी पीअर्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातून ‘दि अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ हे त्याच वाटेने जाणारे दुसरे नियतकालिक सुरू केले. प्रत्यक्ष जागेत, यंत्राच्या मदतीविना वाजणाऱ्या वाद्यांचा नाद हेच अंतिम प्रमाण होय, असा त्यांचा आग्रह त्याच्या नावातच होता.

१९८२ साली लॅरी आर्चिबाल्ड यांनी ‘स्टीरिओफाइल’ विकत घेतले, त्याचे बिऱ्हाड न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे हलले, आणि १९८६ साली इंग्लंडच्या ‘हाय-फाय न्यूज’चे संपादक जॉन अ‍ॅटकिन्सन तेथे संपादक म्हणून आले. पुढच्याच वर्षी ते नियमित मासिक झाले. निर्मात्यांच्या जाहिराती तोवर आत आलेल्या होत्या. पहिली अट सुटली. पण अ‍ॅटकिन्सन यांनी १९८९ च्या सुमारास तिच्या जागी दुसरी एक शिस्त आणली, आणि मला तरी ती या मासिकाची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. परीक्षकाने यंत्र आपल्या घरी कित्येक आठवडे ऐकावयाचे आणि आपला अभिप्राय लिहून द्यावयाचा. त्यानंतर अ‍ॅटकिन्सन तेच यंत्र उपकरणांवर मोजणार, आणि ते आलेख परीक्षणाशेजारी छापणार. मोजमाप हाती येण्यापूर्वीच परीक्षकाचा लेख बंद झालेला असे. शेवटी निर्मात्याला त्याच अंकात उत्तर देण्यास जागा मिळे.

वाचकांच्या लक्षात आले असेल की, हा सारा न्यायालयाचा थाट आहे. आधी जबानी, मग तज्ज्ञाचा अहवाल, मग प्रतिवादीचे म्हणणे. कित्येकदा परीक्षकाने एखाद्या यंत्राच्या माधुर्याचे गोडवे गावेत आणि शेजारच्याच पानावरील आलेखात त्याची विकृती डोंगराएवढी दिसावी. एखादे मासिक असा विसंवाद झाकून टाकते. येथे तो छापला जाई. पत्रव्यवहाराच्या सदरात संतापलेल्या वाचकांची ‘माझी वर्गणी रद्द करा’ अशी पत्रेही येत आणि छापली जात. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला भुलवले ते याच गोष्टीने.

आता माझ्या श्रद्धेला तडा कसा गेला ते सांगतो. २०११ साली माझा व्यवसाय थोडा स्थिरावला होता. तेव्हा एका परीक्षणातील स्तुती वाचून मी अ‍ॅम्प्लिफायरपासून लाउडस्पीकरपर्यंत जाणाऱ्या वायरींची एक जोडी परदेशातून मागवली. शिफारस कोठे व कोणी केली होती, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. पैसे मी दिले होते, आणि ते माझ्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढे होते. वायर जोडल्याबरोबर मला फरक ऐकू आला. आवाजावरचा पडदा दूर झाला, तानपुऱ्याच्या तारा सुट्या झाल्या, असे मी चार मित्रांना सांगितलेही. त्यांतील एकाने, तोही वकीलच, विचारले, “न पाहता ओळखशील?” झाले. एका रविवारी सौभाग्यवतींनी पडद्यामागे बसून दहा वेळा, मला न सांगता, कधी जुनी तर कधी नवी वायर जोडली. माझी पाच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी इतकीच आली असती. मी आणखी एक फेरी घेऊ म्हणालो, तेव्हा पडद्यामागून कोकणीत निकाल आला : “तुमी गाणें आयकनात, वायर आयकतात.”

त्या दिवशी मला कोणी फसवले नव्हते. फरक मला खरोखरच ऐकू आला होता. शपथेवर सांगितला असता. मीच तो प्रामाणिक साक्षीदार होतो. परंतु माणूस स्वतःवर फार काळ रागावू शकत नाही. मी मासिकावर रागावलो. अंक खोक्यांत भरून माळ्यावर टाकले, आणि फिर्यादीच्या नजरेने त्याचा इतिहास पुन्हा तपासू लागलो.

पुरावा पुष्कळ मिळाला; नवल असे की, तो बहुतेक मासिकाच्याच पानांत होता. १९८५ साली बॉब कार्व्हर या निर्मात्याने आव्हान दिले होते की, कोणत्याही महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आपण आपल्या स्वस्त यंत्रात उतरवून दाखवू. होल्ट आणि आर्चिबाल्ड यांनी आपल्या पसंतीचा एक मौल्यवान व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पुढे केला. कार्व्हर यांनी दोन्ही यंत्रांना एकच संगीत दिले, एकाच्या आवाजातून दुसऱ्याचा वजा केला, आणि उरलेला फरक नाहीसा होत जाईल असे बदल आपल्या यंत्रात केले. काही दिवसांत परीक्षकांना दोन यंत्रांतील भेद सांगता येईना. त्यांनी आपली ही हार स्वतः छापली. १९८९ साली कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात मासिकाने पाचशेहून अधिक श्रोत्यांना दोन अ‍ॅम्प्लिफायर, कोणता वाजतो हे झाकून ठेवून, ऐकवले. अचूक उत्तरे शेकडा ५२ च्या आसपास आली. तीही छापली. आणि २००७ साली खुद्द होल्ट यांनी सांगितले की, १९८० च्या दशकात या क्षेत्राने झाकून घ्यावयाच्या चाचणीसारखी प्रामाणिकपणाची साधी कसोटी नाकारली, आणि तेथेच त्याची विश्वासार्हता गेली. १९९९ साली ते मासिकापासून दूर झाले होते, तेव्हा ही संस्थापकाची आपल्या अपत्यावरील फिर्यादच म्हटली पाहिजे. ती मुलाखत घेणारे होते अ‍ॅटकिन्सन, आणि छापणारे मासिक ‘स्टीरिओफाइल’. दोन वर्षांनी, २००९ साली, होल्ट वारले.

यावर अ‍ॅटकिन्सन यांचे उत्तर काय होते? २००५ साली न्यूयॉर्क येथील एका जाहीर वादात त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली होती. १९७८ साली ते अशाच एका झाकलेल्या चाचणीत श्रोते होते. यंत्रांत भेद आढळला नाही. सबब त्यांनी ‘क्वाड ४०५’ हा तुलनेने स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर घेतला. पुढे हळूहळू त्यांचे संगीतातून मनच उडू लागले. ते यंत्र काढून व्हॉल्व्हचे यंत्र आणले, तेव्हा गोडी परत आली. अर्धा मिनिट ऐकून जे कळत नाही ते सहवासाने कळते, असा त्यांचा युक्तिवाद. मी प्रथम हे वाचले तेव्हा मला ती निव्वळ पळवाट वाटली. आज तसे वाटत नाही. घाईच्या चाचणीत काही भेद निसटत असतील, हे मी अमान्य करीत नाही. परंतु पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. जो म्हणतो ‘भेद आहे, आणि त्याची किंमत इतकी’, त्यानेच तो सिद्ध केला पाहिजे. सहवासातून मिळालेली खात्री ही खात्रीच असते, पण सहवासात किंमत, नाव आणि यंत्राची झळाळीही येते.

हीच गोष्ट पुढे मोठ्या प्रमाणावर घडली. २०१४ च्या डिसेंबरात मेरिडियन या इंग्रज कंपनीने एमक्यूए नावाची पद्धत जाहीर केली. उच्च दर्जाचे अंकीय ध्वनिमुद्रण घडी घालून लहान जागेत बसवावयाचे, आणि शिवाय ध्वनीच्या अंकीय रूपांतरात येणारे कालदोष दूर करावयाचे, असा तिचा दावा होता. अ‍ॅटकिन्सन यांनी एका नव्या जगाचा जन्म पाहत असल्याच्या भावनेने तिचे स्वागत केले. पुढे अनेक अभियंत्यांनी दाखवून दिले की, या घडीत मूळ माहितीचा काही अंश टाकून दिला जातो. परवान्याच्या कुलपाविषयीही तक्रारी झाल्या. २०२३ च्या एप्रिलात एमक्यूए ही कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेली. स्वागत करणारे लबाड होते असे मी म्हणणार नाही. उत्तम कानाचा, उत्तम मोजमाप करणारा मनुष्यही नव्या जगाच्या आशेने भारावू शकतो, इतकेच. माझ्या वायरीहून ही कथा फार वेगळी नाही.

येथे थांबलो असतो तर खोकी माळ्यावरच राहिली असती. ती खाली आली ती आमच्या देवळामुळे.

आमच्या देवस्थानात भजनी सप्ताहाची जुनी परंपरा आहे. ज्या बुवांच्या मागे आम्ही लहानपणी टाळ धरला, ते वारून पुष्कळ वर्षे झाली. २०१७ साली कमिटीच्या कपाटात सप्ताहाच्या जुन्या कॅसेटी सापडल्या. खांबाला मायक्रोफोन टांगून कोणी तरी घेतलेल्या. त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम मजकडे आले, कारण ‘याला आवाजाचे वेड आहे’ ही माझी गावातील कीर्ती. दोन कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. बुवांच्या मुलाला वडिलांच्या अखेरच्या सप्ताहाचे गाणे हवे होते. ते या दोहोंपैकी एकीत होते. दुसरी नंतरच्या एका वर्षाची, त्यांच्याच शिष्याची, आणि आवाजाची ढब हुबेहूब गुरूची. घरची माणसेदेखील घोटाळली.

मी रात्री एकटा बसून दोन्ही ऐकल्या. त्या वेळी मला गाणाऱ्याचा गळा नव्हे, तर जागा ऐकू आली. एकीत टाळ वाजून चटकन विरत होते. दुसरीत टाळांच्या मागे नादाची शेपटी रेंगाळत होती. आमच्या सभामंडपाला आधी मंगळुरी कौले आणि खाली लाकडी तक्तपोशी होती. बुवा गेल्यानंतर तेथे काँक्रीटचा स्लॅब पडला. लाकूड आणि कौलांच्या फटी नाद गिळतात, स्लॅब तो परत फेकतो. चटकन विरणारा नाद जुन्या छपराखालचा, म्हणून ती कॅसेट बुवांची, असे माझे अनुमान झाले.

असे ऐकायला मला कोणी शिकवले होते? गाण्यामागची खोली ऐकावी, नाद विरताना त्याचा पाठलाग करावा, आणि जे ऐकले त्याला नेमका शब्द द्यावा, हे मी त्याच अंकांतून शिकलो होतो. १९९३ साली होल्ट यांनी आवाजाच्या गुणदोषांच्या शब्दांचा एक कोशच त्या मासिकात दिला आहे. त्यातील कित्येक शब्द महागडी यंत्रे खपवण्यासाठी राबवले गेले, हे खरे. पण माझ्या कानाला वळण लावले तेही त्यांनीच. पीअर्सन ज्या प्रमाणनादासाठी आग्रह धरीत, तो तर आम्हाला जन्मतःच लाभलेला. चवथीला घुमट, शामेळ आणि कासाळे ज्याने हातभर अंतरावरून ऐकले आहे, वास्कोच्या श्रीदामोदराच्या अखंड सप्ताहात ज्याने रात्र जागवली आहे, त्याच्यापाशी तुलनेचे माप आहे. ते कसे वापरावे हे मात्र मला सातासमुद्रापलीकडच्या एका चिकित्सक माणसाच्या मासिकाने सांगितले.

पण पडद्यामागची ती दहा उत्तरे मी विसरलो नव्हतो. बुवांच्या मुलाला काही सांगण्यापूर्वी पुष्टी शोधली. दुसऱ्या कॅसेटीच्या अखेरीस देणगीदारांची नावे पुकारलेली होती. कमिटीची जुनी पावतीपुस्तके काढली, नावे व रकमा ताडून पाहिल्या. त्या वर्षी स्लॅब घालून झाला होता, आणि बुवा हयात नव्हते. कानाची साक्ष ग्राह्य ठरली, ती कागदाने पाठ राखली म्हणून. कागद उलट बोलला असता, तर मी कागदाचे ऐकले असते.

त्यानंतर मी खोकी माळ्यावरून उतरवली. आज मी तो अंक वाचतो, पण उलट्या क्रमाने. आधी आलेख पाहतो, मग निर्मात्याचे म्हणणे, आणि अखेरीस परीक्षकाची जबानी. पहिल्या वर्षांची भक्ती उरली नाही, मधल्या वर्षांचा रागही नाही. ज्या नियतकालिकाने स्वतःविरुद्धचा पुरावा आपल्याच दप्तरात जपून ठेवला, त्याच्याविषयी वकिलाच्या मनात जो आदर असावयाचा तो आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीत मात्र मी त्याला पुन्हा बसवणार नाही. साक्षीदाराचा पिंजरा हीच त्याची योग्य जागा, आणि तीही मानाचीच आहे.

बुवांच्या मुलाला मी त्या भजनाची प्रत दिली. माझ्या घरी येऊन मोठ्या यंत्रावर ऐका, असा आग्रहही केला. तो आला नाही. सकाळी देवळाच्या पायऱ्या झाडून झाल्यावर, मोबाइल फोन कानाशी धरून, तो वडिलांचे गाणे ऐकत बसलेला दिसतो.